टीप परत परत बिघडते? नटाला हात लावण्याआधी

शिलाई मशीन दुरुस्त करून आणलं, दोन दिवस टीप मोत्यासारखी पडली आणि तिसऱ्या दिवशी परत कापडाखाली दोऱ्याचं जाळं. मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या बायका कापडाबरोबर आपापल्या मशीनचं रडगाणंही घेऊन येतात, आणि त्यात हे सगळ्यात जुनं. टेन्शन, म्हणजे दोऱ्यांवरची ओढ, एकदा बिघडणं वेगळं, दर आठवड्याला बिघडणं वेगळं. एकदाच बिघडलं तर वरच्या दोऱ्याची ओढ कमीजास्त करणारा नट थोडा फिरवून भागतं. परत परत बिघडत असेल तर नट फिरवून ते कधीच सुटणार नाही, उलट वाढेल. कसं वाढतं ते पुढे सांगते, मी स्वतःच वाढवून ठेवलं होतं.

मी जे सांगते आहे ते आपल्याकडच्या काळ्या, सरळ टीपेच्या मशीनबद्दल. पायाचं असो, हाताचं असो की मोटर लावलेलं. पिकोच्या किंवा नव्या पांढऱ्या मशीनमध्ये रचना थोडी वेगळी असते, पण दोऱ्यांचं भांडण तेच.

आधी ते भांडण समजून घ्या. सुई वरचा दोरा कापडाखाली नेते. सुई वर यायला लागली की त्या दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. सुईखाली हलणाऱ्या शटलचं टोक तो फास पकडतं आणि अख्ख्या बॉबिन केसला, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते त्या डबीला, वळसा घालून आणतं. मग वर-खाली होणारी ती दांडी फास ओढून घट्ट करते. दोन दोरे एकमेकांत अडकतात ती जागा कापडाच्या पोटात असली पाहिजे, म्हणजे वरून वरचाच दोरा दिसतो आणि खालून खालचाच. ही साधी रस्सीखेच आहे. वरचा जिंकला तर खालच्या दोऱ्याचे ठिपके वर येतात. खालचा जिंकला तर वरचा दोरा खाली खेचला जातो आणि उलट्या बाजूला वेटोळी दिसतात.

म्हणजे घाण खाली दिसते तेव्हा हरलेला असतो वरचा दोरा. पण जाळं खाली झालं म्हणून सगळे आधी खालची डबीच काढतात आणि तिचा स्क्रू पिळतात. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. खाली दोऱ्याचा मोठा गुंता, घरट्यासारखा गोळा होत असेल तर वरच्या दोऱ्यावर पकड जवळजवळ नाहीच असं धरून चाला.

दोन रंगांची चाचणी

वर लाल, खाली पांढरा. दोन्ही दोरे एकाच कंपनीचे आणि एकाच जाडीचे घ्या, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. मांजरपाटाचा तुकडा दुहेरी करा आणि त्यावर उरेब, म्हणजे तिरकी, वीतभर टीप मारा. वरून पांढरे ठिपके दिसले तर वरचा दोरा घट्ट आहे किंवा खालचा सैल. खालून लाल दिसला तर उलट. आता तो तुकडा टीपेच्या दोन टोकांना धरा आणि जोरात झटका देऊन ओढा. उरेब कापड ताणतं, टीप ताणत नाही, त्यामुळे दोरा तुटतो. जो तुटला तो जास्त घट्ट. दोन्ही बरोबरच तुटले तर तुमचं टेन्शन ठीक आहे आणि रोग दुसरीकडे आहे.

ही चाचणी सरळ धाग्यावर करू नका. कापडच ताणत नाही, मग कळणार काय?

तो तुकडा टाकूनही देऊ नका. त्यावर पेनाने तारीख लिहा. टेन्शन सारखं बदलतंय की एकाच बाजूला बिघडतंय, हे चार तुकडे शेजारी ठेवले की लगेच दिसतं. आज लाल खाली, परवा पांढरा वर, तेरवा परत लाल खाली, असा लंबक चालू असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

माझा लग्नसराईतला घोळ

आईचं मशीन माझ्याकडे आलं तेव्हा पहिली दोन वर्षं काही त्रास नव्हता. तिसऱ्या वर्षी लग्नसराईत एकदम अस्तरांच्या ब्लाऊजचं काम वाढलं आणि टीप बिघडायला लागली. खालचा दोरा सैल वाटला म्हणून केसचा स्क्रू आवळला. छान टीप आली. एका ब्लाऊजनंतर खालचा दोरा इतका घट्ट झाला की अस्तराला चुण्या पडल्या. स्क्रू सैल केला. संध्याकाळी परत ठिपके. मग वरचा नट. मग परत स्क्रू. शेवटी मूळ कुठे होतं तेच आठवेना. कारागिराकडे नेलं, त्यांनी पाच मिनिटांत ‘सेट करून’ दिलं, आणि चौथ्या दिवशी मी परत त्यांच्या दारात. त्यांनी परत सेट करून दिलं. त्यांच्याही हे लक्षात आलं नाही, आणि मी तर तेव्हा नवखीच.

सापडलं ते योगायोगाने. बॉबिन केसच्या अंगावर स्टीलचं एक पातळ पान असतं, त्याच्या खालून दोरा बाहेर येतो. उजेडात धरून बघताना त्या पानाच्या कडेला काहीतरी पांढुरकं दिसलं. टाचणीने ओढलं तर तूस, म्हणजे दोऱ्या-कापडाचे सुटलेले तंतू, निघाली, दाबून दाबून नमद्यासारखी चपटी झालेली. तांदळाच्या दाण्याच्या निम्मीसुद्धा नसेल.

ते पान म्हणजे खालच्या दोऱ्याचा ब्रेक. ते दोऱ्याला केसवर दाबतं, आणि स्क्रूने तो दाब कमीजास्त होतो. तूस पानाखाली गेली की पान किंचित उचललं जातं, दाब सुटतो, खालचा दोरा सैल. तुम्ही स्क्रू आवळता. मग शिवता शिवता दोऱ्याबरोबर तूस थोडी सरकते किंवा निघून जाते, पान पूर्ण टेकतं, आणि आवळलेल्या स्क्रूमुळे दोरा एकदम घट्ट. तुम्ही सैल करता. तेवढ्यात नवी तूस. लंबक तो हाच. सुती दोरा आणि सुती अस्तर असेल तर तूस जास्त सुटते, म्हणून नेमका कामाच्या गर्दीतच हा त्रास होतो.

ती काढायला टाचणी वापरू नका. मी वापरली, आणि पानाच्या आतल्या बाजूला ओरखडा पडला. तेव्हापासून त्या डबीत रेशमी दोरा अडकतो, ती आता फक्त फॉलच्या जाड कामाला. जाड कागदाचा कोपरा, लग्नपत्रिकेचा चालेल, तिरका कापा आणि पानाखालून दोऱ्याच्याच वाटेने सरकवा. दोन-तीन वेळा. मग डबीच्या आत फुंकर मारू नका, ओलावा जातो. जुना दात घासायचा ब्रश किंवा रंगाचा छोटा ब्रश बरा.

शटल बसतं त्या खोबणीतही हेच करा. तिथला कचरा तेलाने भिजून काळा चिखल झालेला असतो. मशीन मागे पाडलं की दिसतो. रोज शिवत असाल तर आठवड्यातून एकदा, नाहीतर चार-पाच बॉबिन संपल्या की एकदा.

डबीचा स्क्रू

साफ केल्यावर डबीत भरलेली बॉबिन घाला. दोरा फटीतून पानाखाली घेताना तो उलटा वळून गेला पाहिजे. बॉबिन ज्या दिशेने उलगडते त्याच दिशेने सरळ फटीत शिरला तर तो चालता चालता पानाखालून निसटू शकतो. आता दोऱ्याचं टोक धरून डबी खाली लोंबकळू द्या. सरसर खाली गेली तर सैल. जागची हललीच नाही, झटका दिला तरीही, तर घट्ट. मनगटाने हलका झटका दिल्यावर बोटभर उतरून थांबली, तर नेहमीच्या सुती ब्लाऊजसाठी ते बरोबर. साडीच्या फॉलचा दोरा किंवा जाड दोरा असेल तर हा हिशोब पुन्हा बघावा लागतो.

डबीवर सहसा दोन स्क्रू असतात. टोकाजवळचा पान धरून ठेवायला, आणि पानाच्या मधोमधचा टेन्शनला. टोकाचा उघडू नका. मधला फिरवताना घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो तेवढाच फिरवायचा, त्याहून जास्त नाही, आणि परत लोंबकळवून बघायचं. फिरवण्याआधी स्क्रूच्या खाचेची दिशा नेलपेंटच्या ठिपक्याने डबीवर खूण करून ठेवा. आणि हे काम ताटात करा. तो स्क्रू निसटून शहाबादी फरशीच्या फटीत गेला की सापडत नाही, घरात सगळ्यांना शोधायला लावलं तरी.

डबी एकदा बसली की तिला हात लावायचा नाही. रोजचे फरक वरच्या नटाने करायचे. दोन्हीकडे एकदम फिरवलं की कशामुळे काय झालं ते कळत नाही, माझ्यासारखं होतं.

वरची बाजू

आता खाली गुंता होत असेल तर. पहिली गोष्ट, दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरतो तो पाय, वर असू दे. फूट वर केलं की वरच्या दोऱ्याला दाबून धरणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्या सैल होतात आणि दोरा मधोमध जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवलात तर चकत्या आवळलेल्या असतात, दोरा त्यांच्या कडेवरच बसतो आणि पकड मिळत नाही. नव्या मुलींच्या हातून हे इतक्यांदा होतं की मी मशीन बघायच्या आधी त्यांना दोरा काढून परत ओवायला सांगते. बऱ्याचदा तिथेच काम संपतं.

मग ही परीक्षा. सुईतून दोरा ओवा, फूट वर ठेवून दोरा हळू ओढा, सहज आला पाहिजे. फूट खाली करा आणि परत ओढा, आता सुई वाकायला लागेल इतका अडला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सहज येत असेल तर चकत्या बंद होत नाहीत, आणि नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. दोन्ही वेळा सारखाच अडत असेल तर फूट वर केल्यावर त्या उघडत नाहीत.

चकत्या बंद न होण्याचं साधं कारण म्हणजे मधे अडकलेला तुटक्या दोऱ्याचा तुकडा. फूट वर करा, सुती कापडाची पातळ पट्टी घ्या आणि दात साफ करताना दोरा फिरवतो तशी चकत्यांच्या मधून फिरवा. काळं निघेल. थांबेपर्यंत फिरवा.

त्याने झालं नाही तर उघडायला लागतं. घाबरण्यासारखं नाही, पण आधी मोबाईलवर फोटो काढा, एकेक भाग काढताना काढा. नट, स्प्रिंग, मधे आडवी काडी असलेला वायसर, दोन चकत्या, आणि बऱ्याच मशीनमध्ये मागे एक नाजूक तारेची स्प्रिंग, जिच्यातून दोरा जातो. काढले त्या क्रमाने ताटात डावीकडून उजवीकडे मांडा. मधल्या खिळ्याला उभी फट असते आणि त्याच्या पोटात एक छोटी पिन असते. फूट वर केलं की ही पिन बाहेर येते, वायसरच्या आडव्या काडीला ढकलते आणि चकत्या सुटतात. पिनेला गंज चढला किंवा वाळलेलं तेल चिकटलं तर ती बाहेरच अडकून बसते, म्हणजे फूट खाली असलं तरी मशीनला वाटतं वर आहे. बोटाने दाबून बघा, आत-बाहेर मोकळी झाली पाहिजे. नाही झाली तर रॉकेल किंवा मशीनचं तेल लावलेल्या कापडाने पुसून हलवत राहा. कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात हा गंज फार. मशीन जूनपासून गणपतीपर्यंत झाकून ठेवलं आणि मग एकदम काढलं, की हीच तक्रार.

चकत्या परत घालताना त्यांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे. उलट्या घातल्या तर कडा एकमेकींना लागतात आणि दोरा कापला जातो. चकतीवर बोट फिरवा. वर्षानुवर्षं दोरा गेल्याने घळ पडलेली असेल तर नव्या घ्या, घासून उपयोग नाही. त्यांना तेल मात्र लावायचं नाही. लागलं असेल तर पुसून काढा, नाहीतर दोरा घसरतो आणि कपड्यावर डाग पडतो.

ती तारेची स्प्रिंग तुटली किंवा वाकली असेल तर टीप एक घट्ट, एक सैल अशी पडते. तिचं काम सुई कापडाला टेकेपर्यंत दोरा ताणून धरायचं. ती लुळी पडली की दोरा मधेच ढिला होऊन सुईखाली येतो. सारखा तुटणारा दोरा असेल तर हिच्याकडे बघा.

सुई, दोरा, बॉबिन

सुई आधी बदला, मग विचार करा. सुईला एका अंगाला लांब खाच असते आणि दुसऱ्या अंगाला दांडीपाशी सपाट बाजू. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा. कोणत्या मशीनमध्ये ती बाजू कुठे येते ते मशीनवर अवलंबून, पण ही खूण चुकत नाही. सुई वरपर्यंत टेकवून स्क्रू आवळा. जॉर्जेट-क्रेपला ११ नंबर, नेहमीच्या सुती ब्लाऊजला १४, जाड कापडाला १६, जीन्सला १८. जॉर्जेटला १६ची सुई लावून टेन्शनला दोष देणाऱ्या मी पाहिल्या आहेत. आणि टाका सुटणं म्हणजे टेन्शन नव्हे. मधेच एखादा टाका पडतच नसेल तर तो सुईचा नाहीतर शटलचा दोष.

स्वस्त रीळ हातात धरून उजेडात बघा. जाड-बारीक, जाड-बारीक असेल तर चकत्यांमधून जाताना टेन्शन आपोआप बदलणारच, नट काय करील? वर स्पन पॉलिस्टर आणि खाली आजीच्या डब्यातला सुती दोरा, हेही चालत नाही.

बॉबिनकडे मात्र लोक अजिबात बघत नाहीत. रंग संपला नाही म्हणून जुन्या दोऱ्यावरच नवा गुंडाळतात, दोन जाडीचे दोरे, आणि मग अर्ध्यात टीप बदलली की नवल वाटतं. हाताने भरलेली बॉबिन तर सैलच असते. भरून झाल्यावर नखाने दाबा. स्पंजासारखी लागली तर काढून परत भरा. बॉबिन भरताना दोरा त्या छोट्या गोल चकतीखालून घ्यायचा असतो, ती उगाच लावलेली नाही. काठोकाठ भरू नका, केसला घासते. धातूच्या बॉबिनची कड वाकली असेल तर ती अडखळत फिरते आणि दर फेऱ्याला टीप ओढली जाते. टीपेत बिघाड ठरावीक अंतराने येत असेल तर बॉबिनच आहे, शोधायला लागू नका. नवी घ्यायला जाताना जुनी बरोबर न्या. दिसायला सारखी आणि जाडीला केसभर वेगळी, अशा बॉबिन बाजारात मिळतात.

शटल कोरडं पडलं तरी दोरा ओढला जातो. खोबणीत एक थेंब मशीनचं तेल, एकच. खोबरेल नको. थंडीत गोठतं आणि जुनं झालं की डिंकासारखं चिकटतं. तेल घातल्यावर दोरा न ओवता चिंध्यांवर चार ओळी चालवा.

सुरुवातीलाच गोळा होतो, पुढे टीप ठीक असते, असं असेल तर दोन्ही दोऱ्यांची टोकं चार बोटं मागे घेऊन पहिले दोन-तीन टाके धरून ठेवा. बस. पायमशीन असेल तर चाक उलटं फिरत नाही ना तेही बघा. पहिल्या झटक्यात उलटं गेलं की दोरा अडकतोच.

जिथे बदल करणं बरोबरच आहे

सुती ब्लाऊजवरून सॅटिन किंवा जॉर्जेटवर आलात तर नट बदलावा लागणार, तो बिघाड नाही. पातळ कापडाला पोटच नसतं, गाठ लपणार कुठे? तिथे वरचा दोरा थोडा सैल करा आणि टाका बारीक घ्या. तरी चुण्या पडल्या तर कापडाखाली पातळ कागद ठेवून शिवा आणि मग फाडून टाका. वर्तमानपत्र नको. मी एकदा पांढऱ्या जॉर्जेटखाली घातलं होतं, शाई उतरली, आणि ब्लाऊज नवरीच्या मावशीचा.

जुन्या मशीनच्या नटावर आकडे नसतात. मी नटावर आणि खिळ्याच्या टोकावर नेलपेंटची एकेक रेघ काढली आहे. सुतीवर दोन्ही रेघा समोरासमोर. जॉर्जेटला अर्धा फेरा सैल, कॅनव्हास घातलेल्या कॉलरला पाव फेरा घट्ट. हे माझ्या मशीनचं आणि माझ्या दोऱ्याचं, तुमचं वेगळं निघेल. काम झालं की रेघ परत जागेवर. उजवीकडे फिरवलं की घट्ट, डावीकडे सैल.

एवढं करूनही दोन रंगांचा तुकडा रोज वेगळा येत असेल तर शटलचं टोक बोथट झालं असेल, किंवा सुईखालच्या प्लेटच्या भोकाला सुई आपटून खरवड आली असेल. भोकाच्या कडेवरून नायलॉनचा मोजा फिरवा, अडकला तर खरवड आहे. ती बारीक पॉलिश पेपरने निघते. शटलचं टोक आणि सुईशी त्याचा मेळ मात्र घरी करायच्या भानगडीत पडू नका, कारागिराकडेच न्या. नेताना तारखा लिहिलेले तुकडे, तुमचं रोजचं रीळ, भरलेली बॉबिन आणि डबी, सगळं बरोबर न्या. बायका मशीनचं नुसतं डोकं देऊन येतात आणि डबी घरच्या डब्यातच राहते. मग कारागीर स्वतःच्या डबीवर टेन्शन लावतो, स्वतःच्याच दोऱ्याने चालवून दाखवतो, आणि घरी येऊन तुम्ही आपली डबी घातली की पहिल्याच टीपेला जाळं.